माणसे मोजकी, मुले अठ्ठेचाळीस: यंदाची सुट्टीतील बायबल शाळा कशी घ्यावी?

शब्बाथशाळा शिक्षिका, नेवासे तालुका

सर्वांना जय ख्रिस्त.

नेवासे तालुक्यातील एका गावी आमची साठेक कुटुंबांची मंडळी (चर्च) आहे. शब्बाथ शाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाची, जबाबदारी गेली सहा वर्षे माझ्याकडे असून दर मे महिन्यात आम्ही पाच दिवसांची सुट्टीतील बायबल शाळा, म्हणजे सगळे जिला व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल) म्हणतात ती, भरवतो. गेल्या वर्षी ४८ मुले आली होती. सर्वांत धाकटा चार वर्षांचा होता आणि सर्वांत मोठी मुलगी नववी झालेली होती. मंडळीतील मुलांबरोबर त्यांचे शेजारचे मित्रही येतात आणि आम्ही कोणाला परत पाठवत नाही.

गेल्या वर्षी आम्ही अकरा जण होतो. त्यांपैकी तरुण संघातील चौघे चाकणला कामाला लागले, दोन मुलींची लग्ने होऊन त्या सासरी गेल्या आणि एकीच्या शेतात नेमका त्याच आठवड्यात उन्हाळी कांदा काढायचा आहे. राहिलो आम्ही चौघे: मी, पाळकीणबाई (पाळकांच्या पत्नी), महिला संघातील एक मावशी आणि एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका. शिवाय नुकतीच दहावीची परीक्षा दिलेल्या दोन मुली मदतीला तयार आहेत. त्यांतील एक गेल्या वर्षी आमच्या मुलांतच बसलेली होती.

माणसे अकरा असतानाही सर्व सुरळीत झाले होते असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी कागदी मेंढराला कापूस चिकटवायचा होता. कात्र्या बारा, डिंकाच्या बाटल्या सहा आणि मुले अठ्ठेचाळीस. एक पाच वर्षांचा मुलगा आपला नंबर येईपर्यंत कापूस मुठीत धरून उभा राहिला. माझे लक्ष गेले तेव्हा त्या कापसाची घामाने ओली, काळपट गोळी झाली होती. त्याने ती मोरीत टाकली आणि चौथ्या दिवशी तो आलाच नाही. यंदा तर निम्मी माणसेही नाहीत.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतील काहींचे म्हणणे आहे की, यंदा राहू द्यावे, पुढच्या वर्षी पाहू. मला ते पटत नाही. परंतु हट्टाने घेऊन मुलांचे हाल करणेही पटत नाही. साडेनऊ ते साडेबारा ही आमची वेळ, वयानुसार चार वर्ग आणि रोज गोष्ट, हस्तकला, वचन (बायबलमधील पाठ करायचे वाक्य), गीत व खेळ हा क्रम यांतील काय ठेवावे आणि काय सोडावे? दहावीच्या मुलींवर एकेक वर्ग सोपवता येईल काय? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त गुरुजी, सोलापूर

ताई, आपण मेंढराची हकिगत लिहिली हे फार बरे केले, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. त्या दिवशी माणसे अकरा होती; तरीही मूल ताटकळले. म्हणजे आराखडाच माणसे खाणारा होता. छापील पुस्तकांतील आराखडे बहुधा कोपऱ्यांचे असतात. गोष्टीचा कोपरा, हस्तकलेचा कोपरा, खेळाचा, वचनाचा, आणि मुलांचे गट एकातून दुसऱ्यात फिरत राहतात. प्रत्येक कोपऱ्याला दोन माणसे म्हटली तरी आठ झाली, आणि गट ने-आण करणारी वेगळी. शहरातील मोठ्या मंडळीला ते शोभते. आपण त्यातून दोन वर्ग वजा करून किंवा दोन माणसे जास्तीची राबवून भागवू पाहाल तर तिसऱ्या दिवशी सगळे आजारी पडतील.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षे काढली, त्यांपैकी ११ वर्षे द्विशिक्षकी शाळेत. चार इयत्ता, शिक्षक दोन, आणि त्यांतला एक बैठकीला तालुक्याला गेला की उरला एक. तिथे एक गोष्ट हाडीमाशी मुरते: एका वेळी एकाच गटाला तोंडाने शिकवायचे आणि बाकीच्यांच्या हाताला काम द्यायचे, आणि ते काम असे हवे की मास्तरला विचारल्यावाचून मूल ते पुरे करील. तेथील मोठी मुले धाकट्यांना शिकवत ती आमच्यावर उपकार म्हणून नव्हे. दुसऱ्याला सांगताना त्यांचे स्वतःचे पक्के होई.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, वयानुसार वर्ग करू नका. मिश्र वयाची ‘घरे’ करा. ४८ मुलांची आठाआठांची सहा घरे होतील आणि प्रत्येक घरात बारा-तेरा वर्षांचे एक मोठे मूल कारभारी असेल. गोष्ट, गीते आणि वचन सर्वांना एकत्र. फक्त हातकाम घराघरांत. एवढ्याने चार शिक्षकांची तयारी एकावर येते आणि उरलेल्यांचे डोळे मुलांवर राहतात.

दुसरी सूचना: पाच दिवस पाच निराळ्या गोष्टी नकोत, एकच लांब गोष्ट घ्यावी. योसेफाची गोष्ट घ्या, भावांनी विकलेला मुलगा मिसर देशात मोठा अधिकारी होतो ती. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या ३७व्या अध्यायातील पायघोळ झगा आणि खड्डा पहिल्या दिवशी. त्याचा मिसरातील धनी पोटीफर याचे घर आणि तुरुंग दुसऱ्या दिवशी (तेथे धाकट्यांसमोर ‘त्याच्यावर खोटा आळ आला’ एवढ्यावर आटोपावे). तिसऱ्या दिवशी फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, स्वप्नातील सात पुष्ट व सात रोडक्या गाई. चौथ्या दिवशी दुष्काळ, धान्यासाठी आलेले भाऊ आणि धाकटा भाऊ बन्यामीन याच्या गोणीतील प्याला. पाचव्या दिवशी ओळख पटणे. रोज शेवटी गोष्ट अशा जागी थांबवायची की मूल घरी जाऊन ‘पुढे काय?’ विचारील. दुसऱ्या दिवशी हजेरी घटत नाही, आणि आदल्या दिवशी न आलेल्याला कालची हकिगत सांगण्याचे काम मुलेच हौसेने करतात.

आता हातकाम. कात्री आणि डिंक यांना यंदा रजा द्या. योसेफाने फारोला सुचवले की, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवावा. तिसऱ्या दिवशी प्रत्येक घराला एक परात, एक डबा आणि अंदाजे दोन किलो ज्वारी द्या. धाकट्याने मूठ भरून काढायची, मोठ्याने मोजायचे: चार मुठी परातीच्या एका बाजूला, पाचवी डब्यात. पस्तीस मुठी मोजून झाल्या की डब्यात सात मुठी जमतात, आणि ‘सात वर्षांच्या सात मुठी’ हे मुलांच्या आपणच ध्यानात येते. डबा बंद करून वेदीजवळ ठेवावा. चौथ्या दिवशी दुष्काळ पडला की तो उघडायचा. आपला भाग टँकरचे पाणी पाहिलेला आहे. तिथल्या मुलाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. हे मी सोलापुरात दोन वेळा करून पाहिले आहे आणि एकही मूल नंबराची वाट पाहत उभे राहिले नाही. सांडलेली ज्वारी वेचायला मात्र अर्धा तास लागतो. तो वेळ आधीच धरून ठेवावा.

वेळही बदला. साडेबारापर्यंत पत्र्याखाली मुलांना बसवणे मे महिन्यात योग्य नाही. साडेसात ते दहा पुरे.

पिंपरीतील एक ताई

गुरुजींच्या अनुभवाचा मान राखून एका मुद्द्यावर मला वेगळे मत मांडायचे आहे, आणि तो मुद्दा दहावीच्या मुलींचा आहे. मी बालकांसंबंधीच्या कामात बारा वर्षे आहे. अठरा वर्षांखालील व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने बालकच असते. या मुली गाणी घेतील, धान्य वाटतील, हजेरी मांडतील. परंतु एखाद्या गटाची जबाबदारी त्यांच्या एकट्यांवर टाकणे त्यांच्यावरही अन्याय आहे. एखादे मूल पडले, एखाद्याला चक्कर आली, एखाद्याला घ्यायला अनोळखी माणूस आला, तर निर्णय पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने घ्यायचा काय? तेव्हा आपल्याकडे सहा नव्हे, चार माणसे आहेत असे समजूनच आखणी करावी.

चारांतही तीनच कामाला लावा. चौथे माणूस पूर्णपणे मोकळे ठेवा. त्याच्याकडे गोष्ट नाही, गीत नाही, खाऊ नाही. कोणाला शौचालयात जायचे आहे, कोण रडत आहे, फाटकाशी कोण उभे आहे, एवढेच त्याने पाहायचे. माणसे कमी असली की सर्वप्रथम हीच जागा भरली जात नाही आणि गडबड नेमकी तिथूनच सुरू होते. गुरुजींची सहा घरे जोडीजोडीने बसवली तर सोळा मुलांमागे एक प्रौढ होतो. तिन्ही जोड्या एकाच दालनात, एकमेकांच्या नजरेसमोर असाव्यात. कोणीही प्रौढ एखाद्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटा असू नये, मग ती व्यक्ती कितीही विश्वासाची असो. चार-पाच वर्षांच्या मुलांना यंदा आई, आजी किंवा मोठी बहीण सोबत असेल तरच घ्यावे. हे सांगणे जड जाते, मला कल्पना आहे. परंतु माझ्या अनुभवात सोळा मुलांच्या घोळक्यातील एक चार वर्षांचे मूल सांभाळणाऱ्याचे निम्मे लक्ष खाते.

नोंदणीचा कागद एक पानाचा पुरतो: मुलाचे नाव, पालकांचा दूरध्वनी, कोणत्या पदार्थाने किंवा औषधाने त्रास होतो काय, आणि घ्यायला कोण येणार. त्याच कागदावर येथे बायबलमधील गोष्टी, गीते व प्रार्थना शिकवल्या जातात असे स्वच्छ लिहून पालकांची सही घ्यावी. आपल्याकडे शेजारच्या घरांतील मुलेही येतात म्हणून हे विशेष महत्त्वाचे आहे. त्यांच्या आईवडिलांना सर्व आधी ठाऊक असलेले बरे. मुलांची छायाचित्रे समूहांवर टाकायची असतील तर त्याचीही संमती वेगळी विचारावी.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला पॉक्सो म्हणतात, तो चर्चलाही लागू आहे. एखाद्या मुलाने काही सांगितले तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. कमिटीत चर्चा करून ठरवण्याची ती बाब नाही. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा.

उन्हाचे एवढेच: दर अर्ध्या तासाला सर्वांनी पाणी प्यायचे, तहान लागो अथवा न लागो. क्षारसंजीवनीची (ओआरएसची) पाकिटे आणून ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने घालू नये.

वसईकर

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) उन्हाळी शिबिराची पद्धत थोडी वेगळी आहे. पण माणसांची टंचाई सारखीच. आमच्याकडे एक गोष्ट लागू पडली ती सांगतो. फादर तीन रविवार मिस्सेनंतर (उपासनेनंतर) ‘शिबिरासाठी मदतनीस हवेत’ असे सांगत होते आणि एकही हात वर होत नव्हता. ‘मदतनीस’ म्हटले की माणसाला पाच दिवस, चार तास आणि न येणारी गाणी दिसतात. चौथ्या रविवारी धर्मशिक्षणाच्या एका बाईंनी दारापाशी दोरी बांधून तिच्यावर चिमट्यांनी चिठ्ठ्या लावल्या. एका चिठ्ठीवर एकच काम आणि एकच तास. ‘बुधवार, सव्वानऊ, पन्नास पेले लिंबू सरबत.’ ‘सोमवार, सव्वासात, फाटकापाशी नावे लिहिणे.’ ‘गुरुवार, सतरंज्या झटकणे.’ ज्याला जमेल त्याने चिठ्ठी काढून न्यायची आणि मागे आपले नाव लिहून द्यायचे. बाहेर पडता पडता बऱ्याच चिठ्ठ्या गेल्या. मासळी बाजारात बसणाऱ्या एका आजींनी दोन नेल्या. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून नातवाकडून वाचून घेतल्या.

पिंपरीच्या ताईंनी सांगितलेल्या नियमांत ही माणसे बसतात, कारण ती मुलांची जबाबदारी घेत नाहीत. शिक्षकांच्या डोक्यावरचे सरबत, सतरंज्या आणि भांडी तेवढी उतरवतात. आपल्या चौघांपैकी एक जण खाऊच्या मागे असेल तर प्रत्यक्षात आपण तीनच आहात.

निवृत्त गुरुजी, सोलापूर

पिंपरीच्या ताईंचे म्हणणे मी मान्य करतो. कारभारी मुलाने धान्य मोजावे, मुले मोजू नयेत. द्विशिक्षकी शाळेत आम्ही पुष्कळ गोष्टी मुलांवर सोपवत असू, त्या सगळ्याच शहाणपणाच्या होत्या असे आज वाटत नाही.

मुंबईतील मराठी मंडळीचा सभासद

यंदा रद्द करावे म्हणणाऱ्या पंचांना एक जुनी हकिगत सांगता येईल. सुट्टीतील बायबल शाळेचा उगम सांगताना अमेरिकेतील ज्या एलायझा हॉज यांचे नाव घेतले जाते, त्यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी ती भरवली. आणि जागा कोणती, तर भाड्याने घेतलेले बिअर पिण्याचे दालन! संगीत, बायबलमधील गोष्टी, खेळ आणि हातकाम एवढाच ऐवज होता. तिचा मोठा विस्तार १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी केला. झगमगीत पुस्तके, बिल्ले आणि टोप्या या फार नंतरच्या गोष्टी आहेत.

माझी सूचना जागेपुरती आहे. पत्र्याखाली तापत असेल तर चर्चसमोरचे झाड पाहा. आणि आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. योसेफाची गोष्ट एकाच माणसाने सर्वांना सांगायची असेल तर तक्त्यांपेक्षा आख्यान बरे. मध्ये एखादे पद, मुलांनी धरायचे ध्रुपद आणि टाळ. पन्नास मुले अर्धा तास बसतात, हे मी पाहिले आहे.

शब्बाथशाळा शिक्षिका, नेवासे तालुका

सर्वांचे मनापासून आभार. काल पाळकीणबाई, मावशी आणि काका यांच्यासह बसून हे सर्व वाचून दाखवले. निर्णय असे झाले.

शाळा होईल. योसेफाची एकच गोष्ट घेऊ. साडेसात ते दहा ही वेळ आम्हाला थोडी अडचणीची आहे, कारण पुष्कळ आया कांदा काढायला पहाटेच जातात आणि बारा-एक वाजता परततात. दहाला सोडलेली मुले विहिरीकडे जातात, ही आमची जुनी काळजी आहे. म्हणून दहाला कार्यक्रम संपवून साडेअकरापर्यंत ज्यांना थांबायचे आहे त्यांनी झाडाखाली थांबावे, आणि तेथे मंडळीतील दोन आजोबा रोज बसतील, असे ठरले. हे आजोबा एरवीही त्याच झाडाखाली बसतात. त्यांना आता हजेरीची वही दिली आहे एवढेच. पिंपरीच्या ताईंच्या नियमाप्रमाणे पाळकीणबाईंच्या ओसरीवरून त्या बाजूला नजर राहील.

आख्यान काका करणार आहेत. प्रथम ते नको नको म्हणाले, परंतु ज्यांचा ‘पुढे सरका’ एसटीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत असे त्यांना ध्वनिक्षेपकाची गरज नाही, असे मावशींनी सांगितल्यावर तयार झाले. टाळ चर्चच्या कपाटात सापडले; एकाची दोरी तुटली आहे. दहावीच्या दोघी गीते आणि वचन घेतील, गट घेणार नाहीत. त्यांतील एकीला हे ऐकून थोडे वाईट वाटले, तेव्हा तिला योसेफाच्या झग्याचे काम दिले. ‘झगा रंगीबेरंगी ना?’ असे तिने विचारले, कारण गेल्या वर्षीच्या चित्रात तो तसा होता. मी पवित्र शास्त्र उघडून ‘पायघोळ’ हा शब्द दाखवला. आता ती आजीचे जुने लुगडे मिळवण्याच्या खटपटीत आहे.

चार-पाच वर्षांची मुले सोबतीशिवाय घेता येणार नाहीत, हे नऊ घरांत जाऊन सांगायचे आहे. काल चार घरी गेले. तिघींनी आजीला पाठवण्याचे कबूल केले. चौथे घर त्या कापसाच्या मुलाचे. तो यंदा सहा वर्षांचा झाला आहे, म्हणून त्याला नियम लागू नाही, तरी मी गेले होते. तो दारामागे उभा होता. ज्वारीच्या मुठी मोजायच्या आहेत, एवढेच मी त्याच्या आईला मोठ्याने सांगितले. कात्री नाही, डिंक नाही, हेही सांगितले. तो काही बोलला नाही.

रविवारी उपासनेनंतर दारापाशी दोरी बांधून चिठ्ठ्या लावणार आहोत. एकवीस कामे निघाली. आमचा मोकळा माणूस मावशी असतील, परंतु शुक्रवारी त्यांच्या भाचीचा साखरपुडा आहे, आणि त्या एका दिवसाची जागा अजून रिकामी आहे. तिची चिठ्ठी मी लाल पेनाने लिहिली असून ती दोरीवर लावणार नाही. हातात घेऊनच दारापाशी उभी राहीन.